राखलेले शहर : उन्हाळ्यातले फ्लोरेन्स

३१ ऑक्टोबर १७३७ रोजी व्हिएन्नात एक करार झाला. एका बाजूला होता लोरेनचा ड्यूक फ्रान्सिस. युरोपच्या राजकारणाने टस्कनीचे राज्य नुकतेच त्याच्या पदरात टाकले होते. दुसऱ्या बाजूला होती सत्तरीची आना मारिया लुइझा, मेदिची घराण्याची शेवटची वारस. भाऊ जान गास्तोने त्याच वर्षी जुलैत निपुत्रिक वारला होता, तिलाही मूलबाळ नव्हते. फ्लोरेन्सवर जवळजवळ तीन शतके हुकमत गाजवलेल्या घराण्याचा वंश तिच्यापाशी संपत होता. राज्य तिच्या हाती राहणार नव्हते. पण घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या जमवलेली चित्रे, शिल्पे, ग्रंथ आणि रत्ने तिची होती. ती नव्या राजघराण्याच्या हवाली करताना तिने अट घातली, की यातली एकही वस्तू राजधानीबाहेर जाता कामा नये. कारणही करारातच नमूद केले. हा ठेवा राज्याची शोभा आहे, लोकांच्या उपयोगाचा आहे आणि परदेशी माणसाची जिज्ञासा जागवणारा आहे.

ही अट किती मोलाची होती, ते शेजारची शहरे पाहिली की कळते. मान्तुआच्या गोन्झागा घराण्याने आपला चित्रसंग्रह १६२०च्या दशकात इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सला विकून टाकला होता. मोदेनाच्या ड्यूकने १७४६ साली निवडक शंभर चित्रे ड्रेस्डेनला विकली. त्या शहरांचे वैभव आज परक्या संग्रहालयांच्या भिंतींवर आहे. फ्लोरेन्सचे वैभव फ्लोरेन्समध्येच आहे. दरवर्षी १८ फेब्रुवारीला, आना मारियाच्या पुण्यतिथीला, शहर आपली नागरी संग्रहालये सर्वांना मोफत खुली करते.

आपण पर्यटक म्हणून या शहरात येतो, तेव्हा ज्या परक्या पाहुण्याचा त्या करारात विचार केला होता, तो पाहुणा आपण असतो. उन्हाळ्यात तिथे राहिले, सकाळ-संध्याकाळ पायी हिंडले, तर ही गोष्ट पुनःपुन्हा समोर येते. फ्लोरेन्स टिकले त्यात दैवाचा वाटा थोडा आहे. इथल्या माणसांनी वेळोवेळी ते राखायचे ठरवले, म्हणून ते टिकले.

जाड भिंती, हिरवी झडपे

फ्लोरेन्स आर्नो नदीच्या खोऱ्यात वसले आहे आणि भोवती टेकड्या आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारचे तापमान सहज पस्तिशी ओलांडते, वारा पडतो आणि चौकांमधली दगडी फरसबंदी रात्री उशिरापर्यंत गरम राहते. युरोपात थंडावा मिळेल या अपेक्षेने मे महिन्यातले नागपूर किंवा सोलापूर सोडून आलेल्याला इथे ओळखीचे ऊन भेटते.

म्हणून इथे मुक्काम कुठे करायचा, हा प्रश्न महत्त्वाचा. जुन्या फ्लोरेन्समधली बरीच लहान हॉटेले जुन्या हवेल्यांमध्ये आहेत. बाहेरून नुसती उंच कोरडी भिंत आणि अवजड लाकडी दरवाजा दिसतो. आत गेले, की पुण्या-साताऱ्याच्या जुन्या वाड्यासारखा मधला चौक, त्याभोवती खांबांची पडवी आणि वर जाणारा दगडी जिना. हॉटेल बहुधा यातल्या एखाद्याच मजल्यावर असते. खाली एखादे दुकान, वरच्या मजल्यावर कुणाचे तरी बिऱ्हाड. लिफ्ट असलीच तर जिन्याच्या मधल्या पोकळीत नंतर बसवलेली, दोन माणसे आणि एक बॅग मावेल इतपत. वयस्कर मंडळी बरोबर असतील तर आरक्षण करतानाच लिफ्टची आणि वातानुकूलनाची चौकशी करावी. पोहोचल्यावर पासपोर्ट मागून घेतात, कारण पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे पाठवणे हॉटेलांना बंधनकारक आहे. शहराचा मुक्काम-कर माणशी, दर रात्रीला, हॉटेलच्या ताऱ्यांनुसार वेगळा भरावा लागतो.

अशाच एका हॉटेलात, सान लोरेन्झो चर्चपासून जवळ, मी उतरले होते. खोलीची खिडकी बारकाईने पाहण्यासारखी होती. बाहेरच्या बाजूला हिरव्या रंगाची लाकडी झडपे, त्यांत तिरक्या पट्ट्या. पट्ट्या अशा कलत्या, की हवा आणि मंद उजेड आत येतो, पण ऊन येत नाही. झडपेचा खालचा चौकोन वेगळा, बिजागरीवर बाहेर ढकलता येणारा. तो उचलून लोखंडी आकड्यावर टेकवला, की बाकी खिडकी बंद ठेवून खालची गल्ली दिसते आणि खालून वारा आत येतो. हॉटेल सांभाळणाऱ्या बाईंनी पहिल्याच सकाळी सांगितले, की नऊच्या आत झडपे लावून घ्या आणि सूर्य कलल्याशिवाय उघडू नका. तसे केल्यावर दोन हात जाडीच्या त्या भिंतींनी रात्रीचा गारवा दुपारपर्यंत धरून ठेवला.

त्या झडपांनी दिवसाची आखणीही शिकवली. शहर पाहायचे ते सकाळी सात ते अकरा आणि संध्याकाळी सहानंतर. जून-जुलैत नऊ वाजेपर्यंत उजेड असतो, त्यामुळे संध्याकाळ चांगली लांब मिळते. मधला वेळ जाड भिंतींच्या आत काढायचा, मग त्या संग्रहालयाच्या असोत, चर्चच्या असोत, की आपल्या खोलीच्या. रोमहून दीड तासाच्या वेगवान गाडीने सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्यांच्या वाट्याला नेमकी भर दुपार येते, आणि फ्लोरेन्स दुपारी पाहायचे शहर नव्हे.

बैल, विटा आणि घुमट

सकाळची पहिली वेळ कॅथेड्रलच्या घुमटासाठी राखावी. ‘सांता मारिया देल फ्योरे’चे बांधकाम १२९६ साली सुरू झाले. घुमटाचा घेर इतका मोठा आखला होता, की शतक उलटले तरी तो झाकायचा कसा हे कुणाला उमगेना. अष्टकोनाची रुंदी सुमारे ४५ मीटर, आणि तीही जमिनीपासून पन्नासेक मीटर उंचीवर. कमान बांधायची तर खालून लाकडी सांगाडा उभारून तिला आधार द्यावा लागतो. या मापाच्या सांगाड्याला पुरेल एवढे लाकूड आणायचे कुठून, आणि ते स्वतःच्या भाराने कोसळणार नाही कशावरून? १४१८ साली नगरीने स्पर्धा जाहीर केली. सांगाड्याविनाच घुमट उभारून दाखवतो, असे म्हणणारा फिलिप्पो ब्रुनेलेस्की मूळचा सोनार होता.

काम १४२०मध्ये सुरू झाले आणि १४३६मध्ये घुमट पुरा झाला. ब्रुनेलेस्कीने घुमटाची दोन आवरणे केली, आत जाड आणि बाहेर पातळ, आणि दोन्ही फासळ्यांनी जोडली. भार बाहेर फाकू नये म्हणून दगडाच्या आणि लाकडाच्या साखळ्या कड्यासारख्या आत घातल्या. विटा नुसत्या आडव्या रचल्या नाहीत. ठरावीक अंतराने एक वीट उभी बसवली, पुढच्या थरात ती थोडी सरकवली. त्यामुळे माशाच्या काट्यासारखी नक्षी वर चढत जाते आणि प्रत्येक थर गारा ओला असतानाच जागच्या जागी अडकून राहतो. वर माल चढवायला त्याने बैलांनी फिरणारे यंत्र बनवले. त्यात दात्यांची अशी जोडणी होती, की बैल एकाच दिशेने फिरत राहिले तरी दोर हवा तेव्हा वर आणि हवा तेव्हा खाली जाई. बैल सोडून उलटे जुंपायची गरज उरली नाही. अशा रीतीने चाळीस लाखांहून अधिक विटा वर गेल्या, असा अंदाज आहे. विटेचा आणि गाऱ्याचा एवढा मोठा घुमट जगात आजही दुसरा नाही.

माथ्यापर्यंत ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही, आणि वेळ आधी आरक्षित करावी लागते. चढताना काही काळ आपण दोन आवरणांच्या मधल्या फटीतून जातो. एका अंगाची भिंत आपल्यावर कलत येते, दुसऱ्या अंगाची आपल्यापासून दूर कलते. कामगार ये-जा करत त्याच वाटा या. तिथे गिलावा नाही, विटा उघड्या आहेत, आणि ती तिरकी नक्षी डोळ्यांपासून वीतभर अंतरावर दिसते. पुस्तकात वाचलेली युक्ती हाताला लागते. पाहणाऱ्याला जे कधी दिसणार नव्हते, तेही किती नेटके केले आहे, हे त्या फटीत कळते.

अर्ध्या नाण्यांचे घर

त्याच ब्रुनेलेस्कीची दुसरी वास्तू कॅथेड्रलपासून दहा मिनिटांच्या चालीवर आहे, आणि बहुतेक सहलींच्या यादीत ती नसते. ‘इन्नोचेन्ती’ हे टाकून दिलेल्या मुलांसाठीचे आश्रयगृह. रेशीम-व्यापाऱ्यांच्या संघाने त्याचा खर्च उचलला, १४१९मध्ये बांधकाम सुरू झाले आणि फेब्रुवारी १४४५मध्ये पहिले बाळ आत आले. ती मुलगी होती. तिचे नाव आगाता ठेवले. दर्शनी कमानींवर आंद्रेआ देल्ला रोब्बियाने घडवलेली निळ्या पार्श्वभूमीवरची, दुपट्यात गुंडाळलेली पांढरी बाळे आहेत. पडवीच्या एका टोकाला गज लावलेली छोटी खिडकी आहे. गजांतून तान्हे बाळच आत सरकेल, एवढेच अंतर. अंधारात येऊन आई बाळ तिथे ठेवी आणि निघून जाई. ही खिडकी १८७५ साली बंद झाली.

आतल्या संग्रहालयात लहान लहान खणांचे कपाट आहे. प्रत्येक खणावर एका मुलाचे नाव. खण ओढला, की आत बाळाच्या कपड्यांत सापडलेली खूण दिसते. बरोबर मधोमध कापलेले नाणे, देवीच्या पदकाचा अर्धा तुकडा, काचेचा मणी, रंगीत रिबिनीचा तुकडा. उरलेला अर्धा भाग आईजवळ असे. परिस्थिती सुधारली, तर तो घेऊन येऊन आपले मूल ओळखता यावे म्हणून. संस्थेने ती खूण मुलाच्या नोंदीसह जपून ठेवली. बहुतेक खणांतली नाणी अर्धीच राहिली आहेत.

तिथून पाय निघत नाही. फ्लोरेन्स म्हटले की राजे, सावकार आणि कलावंत यांच्या कथा येतात. ज्यांचे नावही ठाऊक नव्हते अशा मुलांच्या खुणा या शहराने तितक्याच निष्ठेने सांभाळल्या, हे मला मोठे वाटते. ही संस्था आजही मुलांसाठी काम करते. तिच्या आवारात पाळणाघरे चालतात, आणि मुलांच्या प्रश्नांवरचे ‘युनिसेफ’चे संशोधन केंद्रही १९८८ साली इथेच सुरू झाले.

दुपारी उफ्फिझी

दुपार उफ्फिझी संग्रहालयाची. चित्रकार आणि वास्तुकार वझारीने १५६० साली ही इमारत बांधायला घेतली ती सरकारी कचेऱ्यांसाठी. वरच्या मजल्यावर मेदिचींनी आपला संग्रह मांडला, आणि १७६९ साली, आना मारियाच्या करारानंतर तीन दशकांनी, तो सर्वांना खुला झाला. बोत्तिचेल्लीच्या ‘व्हीनसचा जन्म’ आणि ‘प्रिमावेरा’ या चित्रांपुढे उन्हाळ्यात दाटी असते. दुपार कलल्यावर, सहली परतू लागल्या, की थोडे थांबून पाहता येते. मायकेलअँजेलोचा ‘डेव्हिड’ तिथे नाही, तो अकादेमियात आहे. १५०४ ते १८७३ तो चौकात ऊन-पाऊस सोसत उभा होता. मग त्याला आत हलवले, आणि चौकात आज दिसते ती १९१० साली बसवलेली प्रतिकृती. दोन्ही संग्रहालये सोमवारी बंद असतात. हे ध्यानात ठेवून मुक्कामाचे दिवस ठरवावेत.

जेवणाच्या बाबतीत शाकाहारी माणसाची इथे आबाळ होत नाही. शिळ्या पावापासून केलेले टोमॅटोचे दाट ‘पाप्पा अल पोमोदोरो’ आणि भिजवलेला पाव, काकडी, कांदा, टोमॅटो यांची थंडगार ‘पान्झानेल्ला’ ही उन्हाळ्यातली खरी जेवणे. टस्कनीचा पाव अळणी असतो, म्हणून तो अशा चवदार कालवणांत छान मुरतो. सान्त आम्ब्रोजोच्या मंडईत सकाळी गेले, की गावकरी काय खातात ते कळते.

पाण्याच्या खुणा

सांता क्रोचे चर्चच्या आसपासच्या गल्ल्यांत हिंडताना भिंतीवर, डोक्याच्याही खूप वर, लहान पाट्या दिसतात. त्यांवर एक आडवी रेघ आणि तारीख : ४ नोव्हेंबर १९६६. त्या दिवशी आर्नोचे पाणी इथवर चढले होते. सखल भागांत ते सहा मीटरच्याही वर गेले. हिवाळ्यासाठी घराघरांत इंधनतेल भरून ठेवलेले होते. ते पाण्यात मिसळले आणि पूर ओसरल्यावर मागे काळा तेलकट चिखल उरला. शहरात आणि जिल्ह्यात मिळून ३५ माणसे दगावली. सांता क्रोचेतल्या चिमाबुएच्या तेराव्या शतकातल्या क्रूसाचा बहुतांश रंग धुऊन गेला. राष्ट्रीय ग्रंथालय नदीकाठीच असल्याने लाखो पुस्तके चिखलात बुडाली. बाप्तिस्तेरीच्या दारावरची शिल्पकार गिबेर्तीची काही सोनेरी फलके लोंढ्याने उखडली.

मग इटलीच्या कानाकोपऱ्यांतून आणि परदेशांतून तरुण मुले-मुली येऊ लागली. त्यांना कुणी बोलावले नव्हते. ग्रंथालयाच्या तळघरापासून रस्त्यापर्यंत साखळी करून त्यांनी चिखलाने माखलेली पुस्तके हातोहात वर काढली. लोक त्यांना चिखलातले देवदूत म्हणू लागले. पुस्तके धुण्या-वाळवण्याची, चित्रांवरचा तेलाचा थर उतरवण्याची शास्त्रे त्या आपत्तीतून पुढे गेली. वझारीचे ‘शेवटचे भोजन’ हे चित्र तब्बल पन्नास वर्षे दुरुस्तीत होते. २०१६मध्ये ते सांता क्रोचेत परत आले, आणि आता त्याला अशी यंत्रणा जोडली आहे, की पुन्हा पूर आला तर ते वर उचलता यावे. चिमाबुएच्या क्रूसावर मात्र गेलेला रंग नव्याने भरून काढलेला नाही. जिथे मूळ रंग उरला नाही, तिथे बारीक रेषांचा शांत रंग दिला आहे. काय वाचले आणि काय गेले, हे पाहणाऱ्याला स्पष्ट दिसते. जपणूक प्रामाणिक असावी, ती अशी.

संगमावरची छत्री

मराठी माणसाने फ्लोरेन्समध्ये एक संध्याकाळ काशिने उद्यानासाठी ठेवावी. आर्नोच्या काठाने पश्चिमेकडे पसरलेले हे लांबच लांब उद्यान आहे. पार टोकाला, जिथे मुन्योने नावाची छोटी नदी आर्नोला मिळते, तिथे भारतीय घाटाची एक छत्री आहे. तिच्याखाली फेटा आणि अलंकार ल्यालेल्या एका तरुणाचा रंगवलेला अर्धपुतळा आहे. हे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज.

१८७० साली ते इंग्लंडला गेले. राणी व्हिक्टोरियाची भेट झाली, संस्था पाहिल्या, आणि या प्रवासाची रोजनिशी ठेवली गेली. परतीच्या वाटेवर युरोप पाहत ते फ्लोरेन्सला आले तेव्हा प्रकृती बिघडलेली होती. हे शहर त्या वेळी इटलीची राजधानी होते. ३० नोव्हेंबर १८७० रोजी, घरापासून हजारो कोस दूर, त्यांचे निधन झाले. वय अवघे वीस. बरोबरच्या मंडळींपुढे अंत्यविधीचा प्रश्न उभा राहिला. तिथे दहनाचा रिवाज नव्हता. धर्माप्रमाणे दोन नद्यांच्या संगमावर अग्नी द्यायचा होता. शहराच्या अधिकाऱ्यांनी खास परवानगी दिली, आणि याच जागी, रात्रीच्या वेळी, महाराजांवर अंत्यसंस्कार झाले. छत्री १८७४मध्ये उभी राहिली. तिचा आराखडा चार्ल्स मँटचा, ज्याने पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा आखला. पुतळा शिल्पकार फुलरचा. चार बाजूंना चार भाषांत मजकूर कोरला आहे. महाराजांची रोजनिशी कॅप्टन वेस्टने संपादित करून १८७२ साली प्रसिद्ध केली.

आज त्या भागाला फ्लोरेन्सकर ‘इंदियानो’ म्हणतात. जवळच १९७०च्या दशकात आर्नोवर बांधलेल्या पुलालाही तेच नाव दिले. पर्यटक तिथे क्वचितच जातात. संध्याकाळी सायकलवर येणारी, धावायला येणारी, मुलांना खेळायला आणणारी गावची माणसे तिथे असतात. दीडशे वर्षांपूर्वी दगावलेल्या एका परक्या पाहुण्याची आठवण या शहराने सांभाळली आहे. छत्रीपुढे उभे राहिल्यावर कोल्हापूरच्या आठवणीने मन भरून येते, आणि त्याहून अधिक कृतज्ञता वाटते.

आता माणसे राखायची आहेत

आना मारियाच्या कराराने वस्तू राखल्या. चिखलात उतरलेल्या पोरांनी त्या वाचवल्या. आता या शहरापुढे वेगळाच पेच आहे. जुन्या फ्लोरेन्समधले रहिवासी कमी होत चालले आहेत. घर भाड्याने देण्यापेक्षा पर्यटकांना रात्रीच्या हिशेबाने देणे मालकाला फायद्याचे पडते. भाडी वाढतात, तरुण कुटुंबे उपनगरांत जातात, आणि किराण्याच्या दुकानाच्या जागी पर्यटकांना लागणाऱ्या वस्तूंचे दुकान येते. २०२३ साली नगरपालिकेने जागतिक वारसा असलेल्या जुन्या भागात अशा अल्पमुदतीच्या नव्या घरांवर बंदी घालण्याचा निर्णय घेतला. त्यावर न्यायालयात वाद झाले, तरी शहर मागे हटले नाही. २०२५पासून रस्त्यावरच्या दारांना लटकणाऱ्या किल्ल्यांच्या पेट्यांवरही बंदी आली.

हा निर्णय आपल्याविरुद्ध आहे, असे पर्यटकाने मानू नये. मुळात आपण ज्यासाठी जातो, ते शहर त्यामुळेच उरणार आहे. सकाळी मंडईत भाव करणारी आजी, कारखान्यात चामडे शिवणारा कारागीर, २४ जूनला सांता क्रोचेच्या चौकात आपल्या पेठेच्या संघासाठी पारंपरिक फुटबॉलच्या मैदानात उतरणारी पोरे, ही नसतील तर घुमट आणि चित्रे यांच्याभोवती नुसता देखावा उरेल. पाहुण्याच्या हातात काही गोष्टी आहेत. एका दुपारची धावती भेट टाळून चार रात्री राहावे. नोंदणीकृत हॉटेलात उतरावे, कर आनंदाने भरावा, कारण ज्याची आपण झीज करतो, त्याच्या देखभालीला तो हातभार लावतो. चर्चच्या पायऱ्यांवर पथारी पसरून खाण्यापेक्षा जवळच्या छोट्या खाणावळीत बसावे. इन्नोचेन्तीसारख्या, काशिनेसारख्या कमी गर्दीच्या जागांना वेळ द्यावा.

१७३७च्या करारात परक्या माणसाला मानाने जागा दिली होती. ती जागा आजही आपल्यासाठी राखून ठेवली आहे. तिचा मान ठेवायचा तर या गावात राहणाऱ्यांच्या जागेवर आपण पाय देता कामा नये. फ्लोरेन्सने आजवर प्रत्येक पिढीत काय सांभाळायचे ते ठरवले आहे. आपल्या पिढीत ते ठरवताना तिथे चार दिवस राहून जाणाऱ्या पाहुण्याचाही हात असणार आहे. त्याने तो राखणाऱ्यांच्या बाजूने लावावा.